काकाजींचा रुसवा

"काकाजी रुसले."

ही बातमी घेऊन माझा धाकटा मामा धावत आला, तेव्हा माझ्या केसांतल्या अक्षता अजून झटकून झाल्या नव्हत्या. मंगलाष्टकं संपून जेमतेम हात-पाय मोकळे झाले होते. मी आमच्याच घरातल्या धान्याच्या कोठीत शालू सावरत बसले होते. वैशाखाचं ऊन, वर पत्रे, आणि शेजारी तुरीची पोती. मामाचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं मांडवालाच आग लागली.

आईने कपाळावर हात मारला. "कायच्यानं रुसले वं माय?"

ते मामाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं, की पंगत वाढून तयार आहे, बुंदी, आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, मठ्ठा, सगळं पानात पडलंय, आणि काकाजी जानोशातून उठायला तयार नाहीत. जानोसा म्हणजे वराकडच्या मंडळींची उतरायची जागा. आमच्या घरासमोरच्या प्राथमिक शाळेचे दोन वर्ग आम्ही त्यासाठी झाडून-सारवून दिले होते. कोठीच्या खिडकीतून मला शाळेचा व्हरांडा पुरता दिसत होता.

काकाजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले काका, मारोतराव गावंडे. माझे सासरे फार लवकर गेले, त्यामुळे दिगांबरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लहानाचं मोठं केलं ते काकाजींनी. व्याह्याचा मान त्यांचा. त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय वराकडची पंगत बसणार नाही, ती उठल्याशिवाय आमच्याकडची बसणार नाही, आणि सगळं पार पडल्याशिवाय माझी पाठवणी नाही. माझे बाबा कन्यादानासाठी सकाळपासून उपाशी होते. कन्यादान झालं, पण घास काही मिळेना.

सासरच्या चार बायका मला बघायला कोठीत आल्या होत्या. त्यांनी ही बातमी ऐकली आणि त्यांचे चेहरे चक्क खुलले. काकाजींच्या रुसव्यांचा त्यांना केवढा अभिमान! मूर्तिजापूरच्या लग्नात काकाजींसाठी मिरवणूक पुन्हा मारुतीपासून काढावी लागली होती. आकोटला व्याह्याने जरीचा फेटा बांधला तेव्हा कुठे ते पाटावर बसले. दर्यापूरला तर म्हणे त्यांची समजूत घालता घालता नवरीची आजीच भोवळ येऊन पडली. हे सगळं त्या मला अशा सांगत होत्या, जशी काही घरातल्या माणसाने गाजवलेली मैदानं. आकोटच्या लग्नात काकाजी फेटा मिळाल्यावरही दोनच घास खाऊन उठले, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. केवढा तो बाणेदारपणा.

त्यांच्यातच काकाजींच्या पत्नी, काकी, होत्या. त्या निवांत सुपारी कातरत बसल्या होत्या.

"तुमी काई घाबरू नोका," त्या आईला म्हणाल्या. "त्याइचं असंच असते. एकडाव म्हना, नाई म्हनतीन. दुसऱ्यानं म्हना, तोंड फिरवतीन. तिसऱ्यानं म्हना, मंग जेवते मानूस."

मग आमच्याकडून काकाजींच्या नाकदुऱ्या काढणं सुरू झालं. कारण शोधायला बाबांनी सगळा गाव कामाला लावला. चहा थंड होता का? पाय धुवायला पाणी द्यायला चुकलं का? बॅन्ड वेशीपर्यंत सामोरा गेला नाही, पिंपळापाशीच थांबला, म्हणून तर नाही? बाबा शाळामास्तर. मुलांच्या चुका काढण्यात जन्म गेलेला माणूस, तो त्या दिवशी स्वतःच्या चुका शोधत उन्हात अनवाणी फिरत होता. ते बघून मला रडू येत होतं आणि संतापही. मनात आलं, असल्या माणसाच्या घरात आपण नांदायला जाणार.

बाबा पहिल्यांदा गेले. हात जोडून उभे राहिले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. आतून काकाजींचा आवाज काही आला नाही, पण बाबा परत आले ते उतरल्या तोंडाने. मामाने विचारलं तर म्हणाले, "मले काई नोको, माह्यं काय, तुमी जेवा, असं म्हनते."

"म्हंजे लयच रुसले," मामा म्हणाला.

सासरच्या बायकांनी माना डोलावल्या. मूर्तिजापूरलाही शब्द हेच होते म्हणे.

दुसऱ्यांदा मामा गेला, फेटा आणि नारळ घेऊन. काकाजींनी फेट्याकडे बघितलंही नाही, भिंतीकडे तोंड केलं. हे काकींनी सांगितल्याबरहुकूम झालं म्हणून सगळ्यांना हायसंच वाटलं. मग कुणाच्या तरी डोक्यातून बॅन्डची कल्पना निघाली. बॅन्डवाले झाडाखाली विड्या ओढत बसले होते, त्यांना उठवून शाळेच्या व्हरांड्यात नेलं आणि काकाजींच्या दारात उभं करून वाजवायला लावलं. ढोल, ताशा, दोन कर्णे. वर्गाच्या भिंती थरथरत असतील. दिगांबर आतून बाहेर आला आणि बॅन्डमास्तरला म्हणाला, अजून जोरात. त्याचं काकाजींवर फार प्रेम होतं.

बॅन्ड दमून थांबला तरी काकाजी उठले नाहीत. तेव्हा वराकडच्या एका म्हाताऱ्याने शेवटचं अस्त्र सुचवलं. नव्या सुनेला ताट घेऊन पाठवा. नवी नवरी समोर बसली की कसाही माणूस विरघळतो, हळद लागलेल्या हाताला कोणी नाही म्हणत नाही.

आईने माझ्या हातात ताट दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "रडून म्हन," ती म्हणाली, "पन जेवू घाल."

रडायची तयारी मला वेगळी करावी लागणार नव्हती. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या, ताटातला मठ्ठा हिंदकळत होता, आणि दोन्हीकडची माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी राहून बघत होती. व्हरांड्यापर्यंत सगळे आले. आत मी एकटीच गेले, तसंच करायचं असतं.

काकाजी बाजेवर एका कुशीवर पडले होते. गुडघे पोटाशी घेतलेले. भरघोस पांढऱ्या मिशा, अंगात नवं कोरं सदरा-धोतर. फळ्यावर अजून कुणीतरी लिहिलेला पाढा तसाच होता. मी ताट खाली ठेवलं, पायांवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "काकाजी, दोन घास खा न."

त्यांनी डोळे उघडले. मी कोण ते कळायला त्यांना वेळ लागला.

"तू नवरी हायेस न?"

"हो."

"माह्याबद्दल तुले कोनी काई सांगतलं?"

मी खोटं कशाला बोलू? "सांगतलं. तुमी लग्नात रुसता म्हनून."

"खरं हाये," ते म्हणाले. मग त्यांना उचकी आली, आणि तिच्यापाठोपाठ पोटातून कळ आली असावी. बाजेची दोरी त्यांनी मुठीत धरली. कळ ओसरल्यावर पुटपुटले, "पन यावेळी नाई रुसलो व माय. तुह्या बापाचं काईच चुकलं नाई. लय चांगलं केलं त्यानं."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. घाम सगळ्यांनाच आला होता, पण त्यांचा थंडगार होता. ओठ कोरडे पडून सोलपटले होते. सदऱ्याखाली पोट ताशासारखं ताणून वर आलं होतं. बाजेखाली पितळी तांब्या होता, त्यात काहीतरी हिरवट ओकलेलं. म्हणाले, आदल्या रात्रीपासून पोटात काही सरकत नाही. ना शौचाला होत, ना वारा सरत. पाणी प्यायलं तरी उलटतं.

"मंग सांगतलं काऊन नाई कोनाले?"

"दिगांबरले सांगतलं. पोट फुगलं गा, म्हनलं. तो म्हने, काकाजी, बॅन्ड आनतो." एवढ्या कळांतही त्यांच्या मिशीखाली हसू आल्यासारखं झालं. "तुह्या काकीले सांगतलं. ते म्हने, नाटकं बस करा, तिसऱ्यानं म्हनतीन तवा जेवजा."

त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं. मी काही फार हुशार होते म्हणून नाही. त्या अख्ख्या मांडवात काकाजींना आधी न ओळखणारी मी एकटीच होते, एवढंच.

मी ताट तसंच उचलून बाहेर आले. भरलेलं ताट बघून सगळ्यांची तोंडं पडली. मी म्हटलं, काकाजी आजारी आहेत, त्यांना आत्ताच्या आत्ता अमरावतीला दवाखान्यात न्यायला पाहिजे. काकी हसल्या. "पोरगी नवी हाये. गुंडाळलं तिले बी." दिगांबर माझ्या कानाशी येऊन समजुतीने म्हणाला की तुला त्यांचा स्वभाव कळायला वेळ लागेल, एवढं मनावर घेऊ नको. बाबांनी माझ्याकडे बघितलं ते मी काहीतरी भलतंच बोलून सगळं बिघडवलं अशा नजरेने. म्हाताऱ्याने विचारलं, किती वेळा म्हटलं? एकदाच? मग दोनदा अजून म्हण की.

मी पुन्हा सांगितलं, ओकारीचा तांब्या दाखवते म्हटलं. बायका म्हणाल्या, बाई, उपाशी पोटी पित्त होतं माणसाला, जेवले की थांबेल. मी जे जे सांगत होते ते सगळं त्यांच्या हिशोबात रुसव्याच्या खात्यातच जमा होत होतं.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक. मला राग आला होता, भीती वाटत होती, शिवाय सकाळपासून मीही उपाशीच होते. मी ताट दारात ठेवलं आणि उंबऱ्यावर शालूसकट फतकल मारून बसले.

"काकाजीले दवाखान्यात नेत नाई तोवर मी सासरी येत नाई," मी म्हटलं. "अन् इथून उठतही नाई."

नवरी रुसली. नवरदेवाने रुसावं, काकाने रुसावं, जावयाने तर रुसायलाच यावं, पण नवरीने रुसल्याचं त्या मुलखात कुणी ऐकलं नव्हतं. आईने पदर तोंडात धरला. पण माझ्या सासरची माणसं मात्र एकदम ताळ्यावर आली. रुसलेल्या माणसापुढे काय करायचं असतं ते त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं. सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढायला घेतल्या, त्यांना कुणीतरी थांबवलं. म्हाताऱ्याने एकदा विनवलं, मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विनवलं, मी तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा विनवायच्या आत दिगांबर जीप आणायला धावला होता.

काकाजी आजारी आहेत हे त्यांच्यातल्या एकालाही पटलं नव्हतं. नवरी रुसली आहे हे मात्र ताबडतोब पटलं.

माझ्या पाठवणीसाठी सजवलेली जीप ती. झेंडूच्या माळा, पुढे नारळ, मागे दोघांची नावं. मागच्या बाकावर काकाजींना झोपवलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. पायांशी काकी. दिगांबर पुढे ड्रायव्हरजवळ, बाशिंग मांडीवर घेऊन. रस्त्यावरची पोरं आम्हाला बघून हात हलवत होती. काकी अर्धा रस्ता बोलत होत्या, की लोकांपुढे किती तमाशा करावा माणसाने, आता पोहोचल्यावर डॉक्टर पण हसेल. मग एका खड्ड्यात जीप आदळली आणि काकाजी माझ्या शालूवर ओकले. हिरवं-काळपट, दुर्गंधी येणारं. काकींनी त्यांच्याकडे बघितलं, हाताने त्यांचं कपाळ चाचपलं, आणि तिथून पुढे त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या त्यांचे तळवे चोळत रडत राहिल्या.

दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढला. आतडं बंद झालंय, पोट उघडावं लागेल, असं सर्जनने सांगितलं आणि सही मागितली. दिगांबरने बाशिंग माझ्या हातात दिलं आणि सही केली. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर मी, माझा नवरा आणि काकी बसून होतो. ओकारीने माखलेल्या शालूतल्या नवरीला बघायला नर्सा दारातून डोकावून जात होत्या. दिगांबर माझ्याशी पहिल्यांदा काही मोकळं बोलला असेल तर ते तिथे. म्हणाला, "म्या बॅन्ड आनला त्याइच्यापुढं." आणि मुसमुसून रडला.

काकाजी वाचले. सर्जनने नंतर आम्हाला पांढऱ्या ट्रेमध्ये एक खडा दाखवला, मोठ्या सुपारीएवढा, तपकिरी. त्याने नीट समजावून सांगितलं. काकाजींच्या लहान आतड्याला जागोजागी बाहेरच्या अंगाने पिशव्या आल्या होत्या, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगे येतात तशा. त्यातल्या एका पिशवीत अन्न साचत साचत हा खडा तयार झाला. तो निसटला, खाली घसरला आणि अरुंद जागी बुचासारखा बसला. तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर आतडं सडलं असतं, म्हणाला. खडा काढून, पिशव्यांचा तेवढा भाग कापून त्याने आतडं पुन्हा जोडलं होतं.

जाता जाता तो म्हणाला, "हे एका दिवसाचं दुखणं नाही. पिशव्या बऱ्याच वर्षांच्या आहेत. जड जेवले की यांचं पोट फुगत असणार, कळा येत असणार. लग्नकार्यात जेवायचा धसकाच घेतला असेल यांनी."

काकी आणि दिगांबर औषधाची चिठ्ठी घेऊन निघाले होते, त्यांनी हे ऐकलं नाही. मी ऐकलं. आणि मला आकोट आठवलं, जरीचा फेटा आणि दोनच घास.

काकाजी जरा बोलू लागल्यावर एका दुपारी मी त्यांच्याजवळ एकटी होते. नाकात नळी, हाताला सलाईन. भूक लागली होती त्यांना, आणि डॉक्टर पाण्याचा थेंब देऊ देत नव्हता. मी सरळ विचारलं, मूर्तिजापूरला काय झालं होतं?

त्यांनी आधी दाराकडे बघितलं, काकी आसपास नाहीत ना म्हणून.

"पोट फुगलं होतं," ते म्हणाले.

"आकोटले?"

"तथीबी तेच."

मग हळूहळू सांगितलं. पहिल्यांदा झालं ते माझ्या सासऱ्यांच्या लग्नात. पानावर बसायची वेळ आणि पोटात कळ. उठून कुठे जावं, काय सांगावं, कळेना, म्हणून गप्प बसून राहिले. तोंड उघडायच्या आत व्याही पायाशी आला, फेटा घेऊन. त्यांना वाटलं, बरं झालं, विचारायचं टळलं. पुढच्या लग्नात पुन्हा तसंच. मग लोकच वाट बघू लागले.

"पन खरं सांगून टाकाचं होतं न काकाजी."

"कोनाले? मांडवात उभं राहून सांगू, का माह्या पोटात वारा धरला म्हनून?" ते म्हणाले. "लोकाइले रुसनारा चालते, पोरी. पादनारा नाई चालत." टाके दुखले म्हणून ते हसताना थांबले. मग माझा हात धरला. "हा खडा आत्ताचाच झाला, असंच राहू दे. मांगचं सारं रुसनंच होतं. कोनाले सांगू नोको."

मी हो म्हटलं, आणि ते होते तोवर पाळलं. त्याचा परिणाम असा झाला की अख्ख्या गावंडे घराण्यात रुसकी ठरले ती मी. लग्नाच्या मांडवातच उंबरा अडवून बसलेली सून! पुढची कितीतरी वर्षं लग्नघरचे लोक मी आल्याबरोबर पाण्याचा तांब्या घेऊन धावत, पहिलं पान माझ्यापुढे मांडत, आणि मी बुंदी घेतली नाही तर त्यांच्या तोंडचं पाणी पळत असे. मी उभ्या जन्मात कुणावर रुसले नाही. काकाजी मात्र आता प्रत्येक पंगतीत वेळेवर बसत, पोटभर जेवत आणि ढेकर देऊन उठत. त्यांना विनवायला कुणी फिरकेना. जेवणाऱ्या माणसाला काय विनवायचं?

माझ्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा काकाजी ऐंशीच्या पुढे होते. काकी गेल्या होत्या. मुलगी पुण्याची, लग्न तिथल्याच एका हॉलमध्ये, जेवण उभ्याने, ज्याने त्याने रांगेत जाऊन वाढून घ्यायचं. मी पाहुण्यांना हसून हसून दमले आणि सहज बघितलं, तर कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर काकाजी भिंतीकडे तोंड करून बसलेले. मांडीवर रिकामी प्लेट. व्याही जवळून जाताना त्यांना फार अदबीने म्हणाले, "काका, काउंटर तिकडे आहे हं," आणि पुढे गेले.

मी शालू सावरत धावले आणि त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. कपाळाला हात लावला. थंड नव्हतं. पोटाकडे बघितलं. सदऱ्याच्या गुंड्या सैल होत्या.

"काकाजी, पोट दुखते काय? ओकारी आली? खरं सांगा."

"पोटाले काय धाड भरली," ते भिंतीकडे बघतच म्हणाले.

"मंग जेवत काऊन नाई?"

"मले काई नोको. माह्यं काय, तुमी जेवा."

मी वाकून त्यांचा चेहरा बघितला. मिशा थरथरत होत्या. डोळ्यांत पाणी होतं. यावेळी ते खरोखर रुसले होते, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्या भरल्या हॉलमध्ये ते कुणालाही कळलं नव्हतं.

मी उठले, रांगेत घुसले, प्लेटमध्ये सगळं थोडं थोडं आणि जिलबी जास्त घेतली. येऊन पुन्हा खाली बसले आणि हात जोडले. एकदा म्हटलं, ते नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हटलं, त्यांनी तोंड फिरवलं. लोक बघायला लागले होते. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा त्यांनी प्लेट स्वतःकडे ओढली, जिलबी मोडून तोंडात टाकली आणि भरल्या तोंडाने विचारलं, "बॅन्ड कुठी हाये?"

मी डीजेवाल्याला सांगायला उठले.